परतल्यानंतरची शुश्रूषा

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील पुरुषाच्या मनात दारू सोडण्याचा विचार वर्षातून दोनच वेळा गांभीर्याने येतो, असे माझे दीर्घ निरीक्षणांती मत झाले आहे. एकदा पोळ्याच्या करीनंतर, जेव्हा सणाच्या निमित्ताने झालेल्या अतिपानाने अंगातले त्राण गेलेले असते, बायको भांडून माहेरी निघून गेलेली असते आणि ज्या दिवशी बैलांपुढे ताठ मानेने उभे राहायचे तो दिवस आपण लोळण्यात घालवला ही बोच आठपंधरा दिवस टिकून राहते. आणि दुसऱ्यांदा माघ-फाल्गुनात, जेव्हा कापसाची शेवटची वेचणी उरकून चुकारा हाती येतो आणि सोसायटीचे कर्ज, बियाणे-खतांच्या दुकानाची बाकी व किराण्याची उधारी यांच्या जोडीला एक अशीही रक्कम हिशेबात उभी राहते की जिच्या बदल्यात घरात कवडीची वस्तू आलेली नसते. या दोन काळांच्या मध्ये पेरणी, डवरणी, वेचणी यांचा रेटा असतो, आणि तांड्यांवरील कित्येकांनी तर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीचा रस्ता धरलेला असतो. त्या दिवसांत उपचाराची गोष्ट काढणाऱ्यास लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि कामाला निघून जातात. शहरात बसून आखलेल्या बहुतेक योजना या पंचांगाशी फटकून असल्यामुळेच फसतात.

मी या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याचा आरोग्य सहाय्यक म्हणून रुजू झालो, बदल्यांच्या फेऱ्यात बाहेर जाऊन पुन्हा येथेच आलो, आणि सेवानिवृत्तीनंतर येथेच घर करून राहिलो. हिवतापाचे रक्तनमुने घेणे, सार्वजनिक विहिरींत ब्लिचिंग पावडर पडते की नाही हे पाहणे, लसीकरणाच्या याद्या पडताळणे ही माझी कामे. व्यसनमुक्तीचा उल्लेख माझ्या कर्तव्यसूचीत कोठेही नव्हता. परंतु तापाच्या रोग्याचे बोट टोचण्यासाठी घरोघर हिंडणाऱ्या माणसाला, सकाळी आठ वाजता कोणाचा हात पुढे करताच थरथरतो आणि तोच हात दहाच्या सुमारास कसा स्थिर होतो, हे दिसल्यावाचून राहत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेताना मी पुष्कळ वर्षे त्या थरथरीकडे पाहत आलो, आणि पुढे पुढे लोकच मला, कोणी ‘भाऊ’ म्हणून, कोणी ‘साहेब’ म्हणून, ओसरीच्या एका कोपऱ्यात घेऊन दबक्या आवाजात विचारू लागले.

दारूची उपलब्धता हा विषय येथे मी लांबवणार नाही. आमची पूस नदी ज्या पैनगंगेला जाऊन मिळते तिच्या पलीकडे मराठवाडा, आणि आमच्या जिल्ह्याच्या शेजारी वर्धा व चंद्रपूर; पैकी वर्धा जिल्हा सत्तरीच्या दशकापासून कागदोपत्री कोरडा, चंद्रपूर २०१५ पासून २०२१ पर्यंत, आणि त्यापलीकडचे गडचिरोली १९९३ पासून. यवतमाळ जिल्हा मात्र मद्यपरवान्यांचा राहिला, आणि त्याविरुद्ध येथील स्त्रियांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, गावोगाव बाटली आडवी करण्याच्या मतदानाचे अर्ज केले. त्यांच्या मागणीविषयी मला आदर आहे. दुकान गावाबाहेर गेले तर नव्याने पिऊ लागणाऱ्या पोरांची संख्या घटते, यातही मला शंका नाही. परंतु ज्याच्या शरीराला दारूवाचून उभे राहणेच अशक्य झाले आहे त्याच्यासाठी कुलूप म्हणजे उपचार नव्हे, याचा दारुण प्रत्यय आमच्याच जिल्ह्यातील वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये आला. टाळेबंदीमुळे दुकाने बंद होती आणि हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. त्या बातमीवर पुष्कळांनी अविचार, मूर्खपणा अशी विशेषणे लावली. तलफ आणि शारीरिक अवलंबन यांतला भेद ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांना ती सुचणे स्वाभाविकच होते.

हा भेद प्रथम कागदावरच पुसला जातो. आमच्या भागात शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठी, पोलीस पाटील, तहसील कचेरी यांच्यामार्फत चौकशी होते, आणि नापिकी, कर्जबाजारीपणा व परतफेडीचा तगादा ही कारणे सिद्ध झाली तर प्रकरण ‘पात्र’ ठरून कुटुंबास एक लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळते. अन्य कारण दिसले तर ‘अपात्र’. जबाबात ‘दारूचे व्यसन’ हे दोन शब्द आले की पुढे काय होते हे गावातल्या प्रत्येक विधवेला ठाऊक असते, आणि जिवंत माणसांच्या घरांतही त्याची पक्की जाण असते. परिणामी दवाखान्याच्या केसपेपरवर दारूचा उल्लेख होऊ नये यासाठी घरची माणसे जी दक्षता घेतात ती थक्क करणारी असते. मनुष्य ‘पित्ता’साठी येतो, ‘चक्कर’ म्हणून येतो, ‘जेवण जात नाही’ म्हणून येतो. सलाईनची बाटली लावून घेतो, तरतरी आल्यासारखे वाटते, आणि घरी जातो. सलाईनवर आमच्या लोकांची श्रद्धा अपार आहे. परंतु वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेले असते, आणि ते आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूस कायमची इजा पोहोचण्याचा धोका असतो. एवढी एक गोष्ट जरी केसपेपरवर खरे लिहिले गेल्याने टळली, तरी पुष्कळ झाले.

याच लपवाछपवीचा एक प्रसंग मी एका सरकारी रुग्णालयाच्या अस्थिविभागात पाहिला. चाळिशीतला एक शेतकरी मोटारसायकलवरून पडून मांडीचे हाड मोडल्यामुळे दाखल झाला होता. मी माझ्या नात्यातल्या दुसऱ्या एका रुग्णासाठी त्याच वॉर्डात रात्री थांबलो होतो. पहिल्या दिवशी तो शांत होता, दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटू लागला आणि हात कापू लागले, आणि तिसऱ्या रात्री तो उठून बसण्याची धडपड करीत अंगावरच्या पांढऱ्या चादरीवरून काहीतरी चिमटीने वेचू लागला. दोन्ही हात चालत होते. डाव्या हाताने चादरीची घडी बाजूला करायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी नसलेले बोंड उकलायचे, कापूस ओढून घ्यायचा आणि कमरेला नसलेल्या ओटीत टाकायचा. मधूनच तो शेजारच्या खाटेवरील इसमाला, ओळ सोडून येचू नको, असे दरडावीत होता. त्याचा वृद्ध बाप खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसून हे सर्व पाहत होता. “येचाई करून राह्यला जी तो,” तो मला म्हणाला. आणि त्या वाक्यात भीतीपेक्षा मुलगा कामातच आहे याचे विचित्र समाधानच अधिक होते.

पाळीवरच्या तरुण डॉक्टराने दारूविषयी विचारले तेव्हा बापाने साफ नकार दिला. डॉक्टर निघून गेल्यावर मी त्या वृद्धाशेजारी बसलो, विडीची काडी पेटवून दिली नाही एवढेच, बाकी सर्व अदब पाळून त्याला समजावले की हे भूतबाधेचे लक्षण नव्हे आणि वेडही नव्हे; रोज पिणाऱ्याची दारू अकस्मात तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा भ्रम होतो, आणि त्यात दुर्लक्ष झाले तर मनुष्य दगावतो. त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. नंतर विचारले, “कागदावर लिवतीन का ते?” लिहितील, आणि लिहिलेलेच बरे, असे मी म्हणालो. तेव्हा त्याने स्वतः उठून परिचारिकेला हाक मारली. पुढचे काम वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अगदी साधे होते: थायमिनची इंजेक्शने, क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या ठरावीक अंतराने देऊन मग उतरत्या क्रमाने कमी करणे, खोलीतला दिवा चालू ठेवणे, ओळखीचा माणूस जवळ बसवणे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थाने चहा मागितला आणि, आपण येथे कसे आलो, असे विचारले. वेचणीचे त्याला काहीही स्मरत नव्हते.

दारू सोडण्याचा पहिला आठवडा हा शरीराचा असतो आणि तो वैद्याच्या नजरेखाली गेला पाहिजे, हे तत्त्व मी तेव्हापासून कोणत्याही पंथाच्या, कोणत्याही केंद्राच्या माणसाशी बोलताना सोडलेले नाही. त्यासाठी पुण्यामुंबईस जाण्याचे कारण नसते. पुसदचे उपजिल्हा रुग्णालय किंवा यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथवर एस. टी. जाते, औषधे सामान्य आहेत, आणि सौम्य प्रकरणी तर खाटेचीही गरज भासत नाही.

घरातील स्त्रियांना मात्र या मार्गापेक्षा दुसऱ्याच एका मार्गाची भुरळ पडलेली मी पाहिली, आणि ती म्हणजे नकळत द्यावयाची गोळी. डायसल्फिराम हे औषध १९४८ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये याकोबसेन आणि हाल्ड या दोन संशोधकांच्या प्रत्ययास आले. ते कृमिनाशक म्हणून त्याची परीक्षा करीत असता स्वतःही घेत होते, आणि मेजवानीत मद्य घेताच त्यांची अवस्था शोचनीय झाली. मद्यार्काचे शरीरात जे विघटन होते त्याची दुसरी पायरी हे औषध अडवते, ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य साचते, आणि चेहरा तांबडाबुंद होणे, छाती धडधडणे, वांत्या, रक्तदाब कोसळणे हे सर्व ओढवते. ज्याला हे पूर्ण सांगितलेले आहे, ज्याने संमती दिलेली आहे आणि जो बायकोच्या किंवा आईच्या समोर रोज सकाळी ती गोळी घेतो, त्याच्यासाठी ते उत्तम संरक्षण ठरते, कारण एकदाच सकाळी निश्चय केला की दिवसभर पुन्हा पुन्हा करावा लागत नाही. परंतु तीच गोळी कुटून वरणात मिसळली, आणि तो गृहस्थ दुपारी भाच्याच्या लग्नात गेला, की काय होते ते मी एका मांडवात पाहिले आहे. लोकांना वाटले, विषबाधा. त्याला वेळीच दवाखान्यात पोहोचवता आले म्हणून तो वाचला. त्याच्या बायकोला मी रागावू शकलो नाही. “भाऊ, त्यायले सांगतलं तं ते खातीन काजी?” या तिच्या प्रश्नाला त्या घडीला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि पुढे त्या घरात तो मनुष्य बरेच महिने बायकोच्या हातचे जेवला नाही, ही शिक्षा तिला पुरेशी होती. ‘रोग्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या आजही दिसतात, आणि त्या पुड्यांत नेमके काय असते हे विकणाराही सांगत नाही.

आता शपथेविषयी. आमच्याकडे दारू सोडण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत अधिक चोखाळला जाणारा मार्ग वैद्यकाचा नाहीच. कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी माहूरकडे जाऊन महानुभावांचा उपदेश घेतो, तांड्यावर सेवालाल महाराजांच्या नावाने पोहरादेवीस जाऊन वचन दिले जाते, नागपूरकडच्या ‘परमात्मा एक’ सेवकांचा संपर्क आला तर मनुष्य त्या मार्गास लागतो, आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तर वऱ्हाडात सर्वत्रच आहे. ज्या गाडगेबाबांनी आयुष्यभर दारूविरुद्ध कीर्तने केली त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीच अकाली गेले होते, हे आमच्या भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सुशिक्षित डॉक्टर मंडळी या मार्गाकडे किंचित स्मित करून पाहतात. मला ते स्मित योग्य वाटत नाही. सायंकाळी सहा ते नऊ हा पिणाऱ्याचा खरा काळ, आणि नेमक्या त्याच वेळी हरिपाठाने किंवा प्रार्थनेने त्याला बसायला एक जागा, सोबतीला दहा माणसे आणि मान दिला तर त्यापरता उपचार कोणत्या गोळीने साधणार आहे? मात्र दोन उणिवा मी स्पष्ट पाहिल्या. एक तर माळ घातलेल्या दिवशीच दारू तोडली जाते आणि तिसऱ्या रात्रीचा धोका कोणाच्या गावीही नसतो. आणि दुसरे असे की, वैद्याचा रोगी पुन्हा प्याला तर तो पुन्हा वैद्याकडे येऊ शकतो. माळकरी पुन्हा प्याला तर तो पापी ठरतो, माळ काढून खुंटीला अडकवतो, आणि ज्या दहा माणसांची त्याला सर्वाधिक गरज त्यांचाच रस्ता टाळू लागतो. एका गावच्या वयोवृद्ध महाराजांशी मी याविषयी बोललो, तेव्हा त्यांनी माळ उतरवलेल्यांसाठी कीर्तनात वेगळी जागा न ठेवता त्यांना टाळकऱ्यांतच उभे करण्याचा परिपाठ सुरू केला. तो फार उपयोगी पडला.

निवासी केंद्रांविषयी लोक मला सर्वाधिक विचारतात, आणि बहुधा ज्या दिवशी कापसाचा चुकारा येतो त्या दिवशी विचारतात. महाराष्ट्रात या कामाचा जो आदर्श मानला जातो ते पुण्याचे मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लिहिलेले लेख, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेला मदतीचा हात, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचट यांची अपार माया, यांतून ते उभे राहिले. तेथील पस्तीस दिवसांच्या दिनक्रमात श्रमदान आहे, योग आहे, गटचर्चा आहे, समुपदेशन आहे, कुटुंबीयांना स्वतंत्रपणे बोलावून त्यांचेही ऐकून घेणे आहे, आणि जे स्वतः व्यसनातून बाहेर आले अशांनीच नवागतांना हात देण्याची रीत आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापिलेले कृपा फाउंडेशन याच पिढीतले. आमच्या तालुक्यातून अशा ठिकाणी जाऊन आलेल्यांना मी भेटलो आहे, आणि त्यांच्या बोलण्यात तेथील शिस्तीपेक्षा तेथे कोणी अरेतुरे केले नाही याचाच उल्लेख अधिक वेळा आला. घरात आणि गावात ज्याला वर्षानुवर्षे ‘बेवडा’ याखेरीज नाव नव्हते त्याला कोणी सकाळी नावापुढे ‘राव’ लावून हाक मारली, याचे मोल आपण बाहेरून ठरवू नये.

पण सगळीच केंद्रे तशी नव्हेत. काही ठिकाणची पद्धत अशी की घरच्यांनी फोन करावा, रात्री जीप यावी, चार धट्टेकट्टे तरुण उतरावेत आणि झोपेतल्या माणसाला उचलून न्यावे. पुढे तीन महिने फोन नाही, भेट नाही, आणि परतल्यावर त्याच्या अंगावरच्या खुणांविषयी त्याने काही बोलू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे उद्भवणारी मनोवस्था मानसिक आजारात गणली, आणि त्याबरोबरच रोग्याला त्या कायद्याचे संरक्षण मिळाले: साखळीने बांधण्यास सक्त मनाई, स्वेच्छेने दाखल झालेल्यास स्वेच्छेने परत जाण्याचा अधिकार, आणि निर्णयक्षमता हरपलेल्यास इतरांच्या संमतीने ठेवायचे तर त्यासाठी तज्ज्ञांची तपासणी, मुदत व पुनर्विलोकन. अशा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असली पाहिजे. मी लोकांना एवढेच सांगतो की नोंदणीचा दाखला पाहायला मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा, रोग्याशी फोनवर बोलू देतात का ते विचारा, आणि सर्वांत शेवटी, हा माणूस गावी परतल्यावर तुम्ही काय करणार, असे विचारा. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक व्यवस्थापक खुर्चीत जरा सावरून बसतात.

कारण खरे अवघड ते परतणेच. केंद्रातून आलेला पुरुष बारीक, स्वच्छ, मिशा कातरलेला असा एस. टी.तून उतरतो, आणि थांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर त्याला निदान तिघे जुने सोबती भेटतात. ते दुष्ट नसतात. त्यांना तो खरोखरच आवडत असतो. घरी वेगळीच स्थिती. त्याच्या गैरहजेरीत, किंबहुना त्याच्या पिण्याच्या सगळ्या वर्षांत, बायकोने बचत गटाचे हप्ते, मुलांची फी, मजुरांचे पैसे हे सर्व आपल्या हाती घेतलेले असते, आणि आता शुद्धीवर आलेला कर्ता पुरुष पहिल्या आठवड्यातच कपाटाची किल्ली मागतो. ती देत नाही. तिचे बरोबरच असते. तो दुखावतो, आणि त्याचेही मला चूक वाटत नाही. या किल्लीवरून जितक्यांची दारू पुन्हा सुरू झालेली मी पाहिली तितकी मित्रांच्या आग्रहाने झालेली पाहिली नाही. शिवाय पुरुष ज्याविषयी चकार शब्द काढत नाहीत अशाही गोष्टी असतात: दारू सोडल्यावर अंगमेहनत झेपेल की नाही ही धास्ती, झोप न लागणे, आणि वैवाहिक जीवनात आपण उणे पडू की काय ही शंका. या साऱ्यावर बोलायला त्यांना पुरुषच लागतो, आणि तोही शक्यतो असा की जो स्वतः या वाटेने जाऊन आला आहे. अमेरिकेतील ॲक्रन या गावी १९३५ साली एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने गांजलेले, एकमेकांशी तासन्‌तास बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा जन्म झाला. १९५७ मध्ये ती चळवळ भारतात आली. फी नाही, पदाधिकारी नाहीत, आडनाव विचारायचे नाही. आमच्याकडे आडनावावरून जात, गाव आणि भाऊबंदकी सर्वच कळत असल्यामुळे हा शेवटचा नियम पाळणे फारच कठीण जाते, आणि तरीही तो पाळण्याचा प्रयत्न करण्यात लाभ आहे.

माझ्या निवृत्तीनंतर आम्ही काही जण आठवडी बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या ओसरीवर बसू लागलो. बाजाराला तालुक्यातला प्रत्येक माणूस येतोच, म्हणून त्यासाठी वेगळे भाडे खर्चावे लागत नाही आणि कोठे गेला होतास याचे वेगळे उत्तरही द्यावे लागत नाही. चहा होतो, ज्याला बोलायचे तो बोलतो, ज्याला मळमळ किंवा झोपेचा त्रास त्याला कोणत्या दिवशी कोणत्या डॉक्टरांकडे जावे ते सांगितले जाते, आणि नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी तलफ कमी करणारी औषधे कोणाला लिहून दिली असतील तर ती संपत आली का हे विचारले जाते. नियम एकच: बाजाराला जो आला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन यावयाचे, आणि दारूविषयी काहीही न विचारता पीकपाण्याचे बोलून यावयाचे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासनाच्या सहकार्याने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने जे काम चालवले आहे, त्यात तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना आणि गावात शिबिर अशी रचना आहे. माझे म्हणणे तेच आहे, फक्त आमच्याकडे ते ओसरीपुरते आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारू घेणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के; आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो, रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. उरलेल्या सदतीस जणांसाठी खाटा बांधायच्या म्हटल्या तर कोणत्याही सरकारची तिजोरी पुरणार नाही; परंतु प्रत्येक तालुक्यात थायमिन आणि गोळ्यांची सोय असलेला एक डॉक्टर, एक पगारी समुपदेशक आणि बाजारच्या दिवशीची एक ओसरी, एवढे आज करता येण्यासारखे आहे. शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा, असे दोन निःशुल्क क्रमांक आम्ही ओसरीच्या खांबावर लिहून ठेवले आहेत, आणि ज्यांना आमच्यासमोर बोलायचा संकोच वाटतो ते हे क्रमांक गुपचूप टिपून घेतात.

मांडीचे हाड मोडलेला तो गृहस्थ कुबडी टेकीत ओसरीवर येऊ लागला, कुबडी सुटल्यावरही येत राहिला, आणि पुढच्या पोळ्याला प्याला. करीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण त्याच्या घरी गेला तेव्हा तो गोठ्यात तोंड फिरवून बसला होता आणि बाप अंगणात शिव्या देत होता. बायको म्हणाली, “आता पुन्हा पयलेपासून?” पहिल्यापासून नव्हे, असे तिला सांगितले, किती दिवस सलग प्याला ते आधी विचारले, तीनच दिवस म्हणताच झटक्याचा धोका फारसा नाही हे ओळखून त्याला त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेले, गोळ्यांची मात्रा त्यांनी ठरवली, आणि सोयाबीनची काढणी महिन्यावर आली असल्याने मजुरांचे पैसे या वेळी कोणी वाटायचे यावर नवराबायकोचे ओसरीवर सर्वांसमक्ष बोलणे झाले. ठरले असे की हिशेबाची वही तिच्याकडे राहील, आणि दर शनिवारी मजुरांसमोर ती उघडून वाचून दाखवण्याचे काम त्याचे.